मानसिक आजारात मदत कुठे शोधावी? शेतकरी, स्त्रिया, विद्यार्थी, समलिंगी व्यक्ती, ज्येष्ठ आणि घरचे

पारिजातक

नमस्कार मंडळी.

"एखादा चांगला मानसोपचारतज्ज्ञ सुचवा" अशी विचारणा माझ्याकडे वरचेवर होते. मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयातून समाजसेवा अधीक्षक म्हणून मी निवृत्त झाले. मनोविकार विभागातल्या कामामुळे मला अशी सवय लागली आहे की, नाव सुचवण्याआधी मी उलट प्रश्न विचारते: मदत कोणाला हवी आहे, ती व्यक्ती स्वतः यायला तयार आहे का, आणि तिच्याबरोबर कोण येणार आहे? दारू सोडू पाहणारा रिक्षाचालक, बाळंतपणानंतर झोप उडालेली सून, स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांचे करता करता थकलेली मुलगी आणि स्वतःच्या लैंगिकतेबद्दल घरात अवाक्षर काढू न शकणारा तरुण या सर्वांना एकाच डॉक्टरांचा पत्ता देऊन भागत नाही.

प्रथम एक खुलासा. मानसोपचारतज्ज्ञ हे एम.बी.बी.एस. नंतर एम.डी. किंवा डी.पी.एम. केलेले डॉक्टर असतात आणि औषध तेच लिहून देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि मानसोपचार करतात आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशकांना मात्र आपल्याकडे दीर्घकाळ कोणतीही सक्तीची नोंदणी नव्हती. त्यासाठीची चौकट २०२१ च्या कायद्याने आखली असली, तरी आजही कोणीही पाटी लावून बसू शकतो अशीच परिस्थिती आहे. म्हणून शिक्षण आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नये. ज्याला त्या प्रश्नाचा राग येतो त्याच्याकडे न गेलेलेच बरे.

तातडीची गरज असेल आणि काहीच सुचत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक चोवीस तास चालू असतो. केंद्र सरकारने ही विनामूल्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केली आणि तिथे मराठीतून बोलता येते. जिवाला धोका आहे असे वाटत असेल तर मात्र फोनवर न थांबता त्या व्यक्तीला एकटे न सोडता जवळच्या रुग्णालयात न्यावे.

माझे मत असे की, माणूस ज्या ठिकाणी आधीपासून विश्वासाने जातो तिथून सुरुवात केली तर उपचार टिकतात. आपल्याला ज्या गटाची प्रत्यक्ष माहिती आहे, त्याबद्दल प्रत्येकाने लिहावे अशी विनंती.

कपाशी

पारिजातकताई, आपल्या शेवटच्या मुद्द्याला शेतकऱ्यांच्या बाबतीत पूर्ण अनुमोदन. मी अमरावती जिल्ह्यातला आहे. आमच्याकडचा माणूस "मन लागत नाही" असे सांगत नाही. तो डोके जड झाल्याची, जेवण न गेल्याची, रात्रभर डोळा न लागल्याची तक्रार घेऊन गावच्या डॉक्टरकडे जातो आणि सलाईन लावून, ताकदीचे इंजेक्शन घेऊन परत येतो. त्याला तालुक्याच्या मनोविकारतज्ज्ञाची चिठ्ठी दिली तर ती खिशातच राहते.

राज्य शासनाने २०१५ मध्ये चौदा जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्यात आशा स्वयंसेविकेने घरोघरी जाऊन ठरावीक प्रश्नावली विचारायची, नैराश्याची लक्षणे दिसलेल्या व्यक्तीला प्राथमिक आरोग्य केंद्राकडे आणि तिथून गरजेप्रमाणे जिल्हा रुग्णालयाकडे पाठवायचे, आणि १०४ या क्रमांकावर समुपदेशन मिळायचे अशी रचना आहे. कागदावर ती चांगली आहे. प्रत्यक्षात काय होते ते सांगतो. आशाताई ओट्यावर वही उघडून बसते. समोर घरधनी, बाजूला त्याची आई, दारात भाऊ. "गेल्या दोन आठवड्यांत निराश वाटले का?" या प्रश्नावर तो माणूस सगळ्यांच्या देखत काय सांगणार? "सगळं बरं हाय" एवढेच वहीत उतरते. आमच्या गावची आशाताई हुशार आहे. ती ओट्यावर वही भरते, पण खरे उत्तर दुसऱ्या दिवशी, लहान बाळाचे वजन करायच्या निमित्ताने पुन्हा जाऊन, त्याच्या बायकोकडून काढून घेते. त्याला झोप आहे का, पारावर बसणे सुटले आहे का, फवारणीचे औषध कुठे ठेवले आहे, हे ती बोलता बोलता विचारते. शेवटचे उत्तर तिला पटले नाही तर तो डबा त्याच दिवशी घराबाहेर, दुसऱ्याच्या कुलपात जातो.

विदर्भात 'संगाथ' या संस्थेने 'विश्राम' नावाच्या कार्यक्रमात गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन हेच काम अधिक नीट करून दाखवले होते. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय वाढलेले आढळले.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कर्जाचा प्रश्न तसाच ठेवून केलेले समुपदेशन शेतकऱ्याला थट्टा वाटते. अवैध सावकाराने जमीन लिहून घेतली असेल, तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते आणि चौकशीअंती जमीन परत मिळू शकते. आमच्या भागात ही माहिती देणारा समुपदेशकच लोकांना आपला वाटतो. आत्महत्येनंतर कुटुंब 'पात्र' की 'अपात्र' याची चौकशी होते आणि पात्र ठरल्यास एक लाख रुपये मिळतात. त्या चौकशीला सामोरी जाणारी विधवा रात्री झोपते का, हे विचारणे मात्र कोणत्याच खात्याच्या कामात बसत नाही.

कडूनिंब

सर्वांचे लेखन वाचले. माफ करा, पण मला यात आत्मसमाधान दिसते. आमच्या तालुक्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञ ठरलेल्या वारीच येतात, त्या दिवशी दुपारपर्यंत रांग संपत नाही, आणि औषधाच्या खिडकीवर "बाहेरून घ्या" असे सांगितले जाते. अशा वेळी दूरध्वनी क्रमांकांची जंत्री देणे म्हणजे सरकारला मोकळे सोडणे होय.

मनवैद्य

कडूनिंब, आपला राग रास्त आहे. मी जिल्हा पातळीवर मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम केले आहे, त्यामुळे ती रांग मी खिडकीच्या दुसऱ्या बाजूने पाहिली आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात उपचारांवाचून राहणाऱ्यांचे प्रमाण आजारानुसार सत्तर ते ब्याण्णव टक्क्यांपर्यंत आढळले होते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, तरी आपली स्थिती फार वेगळी असेल असे मानण्यास मला कारण दिसत नाही.

परंतु रुग्णाच्या हातात एक गोष्ट आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम १८ प्रमाणे अत्यावश्यक यादीतील मानसिक आजारांची औषधे सरकारी केंद्रांत मोफत आणि कायम उपलब्ध असणे हा रुग्णाचा हक्क आहे. "बाहेरून घ्या" असे तोंडी सांगितले गेल्यास ते केसपेपरवर लिहून मागावे आणि त्याची प्रत जोडून जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी अर्ज द्यावा. लेखी अर्जाची पोच घेतली की पुढच्या मागणीपत्रात ते औषध चढते, हा माझा अनुभव आहे.

पहिल्या भेटीबद्दलही थोडे लिहितो, कारण पुष्कळ लोक केवळ धास्तीने येत नाहीत. डॉक्टर झोप, भूक, कामातील लक्ष, व्यसने, घरातील आजारांचा इतिहास आणि जीव देण्याचे विचार येतात का, हे विचारतात. या शेवटच्या प्रश्नाने तसा विचार डोक्यात घातला जात नाही, उलट बहुतेकांना कोणीतरी विचारले म्हणून हायसे वाटते. नैराश्यावरील औषधांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, मात्र मळमळ किंवा अस्वस्थता असे त्रास पहिल्याच आठवड्यात होतात. त्यामुळे गुण येण्याआधीच औषध सोडणाऱ्यांची संख्या मोठी आहे. या गोळ्यांची सवय लागते ही भीती नैराश्यविरोधी औषधांबाबत अनाठायी आहे. झोपेच्या आणि चिंता शमवणाऱ्या काही गोळ्यांबाबत मात्र ती खरी आहे, आणि नेमक्या त्याच गोळ्या लोक दुकानातून परस्पर घेतात.

कडूनिंब

लेखी मागण्याची सूचना उपयोगी आहे. मात्र रोजंदारी बुडवून आलेला माणूस शल्यचिकित्सकांकडे अर्ज करील, हे मला अजूनही पटत नाही. त्याच्या वतीने कोणीतरी करायला हवे.

कपाशी

आमच्याकडे हे काम ग्रामपंचायतीचा सदस्य करतो. आशाताईंच्या सह्या घेऊन एकच अर्ज जातो, त्यामुळे रुग्णाचे नावही उघड होत नाही.

ओंजळ

स्त्रियांबद्दल लिहिते. आपल्या व्यवस्थेत स्त्रीकडे आई म्हणून पाहिले जाते आणि तेही बाळाच्या निमित्ताने. आशा स्वयंसेविका प्रसूतीनंतर बेचाळीस दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येते, बाळाचे वजन आणि ताप पाहते, दूध ओढतो का ते विचारते. इतक्या वेळा प्रशिक्षित बाई दारात येत असताना बाळंतिणीला दोन प्रश्न अधिक विचारणे शक्य आहे: बाळ झोपल्यावर तुला झोप येते का, आणि बाळाकडे पाहून काही वाटेनासे झाले आहे का? प्रसूतीनंतर रडू येणे, जीव घाबरा होणे हे पहिल्या काही दिवसांत सामान्य आहे. ते दोन आठवड्यांपलीकडे लांबले, किंवा बाळंतीण संशयाने आणि असंबद्ध बोलू लागली, तर मात्र "बाळंतवारा झाला" म्हणून शेक-शेगडी करत न बसता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

दुसरा भाग घरातल्या मारहाणीचा. पुष्कळ स्त्रिया "टेन्शन"ची गोळी मागायला येतात आणि खरे कारण दंडावर असते. मुंबईत 'सेहत' ही संस्था आणि महानगरपालिका यांनी २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू केले आणि पुढे ते इतर रुग्णालयांतही गेले. त्यातली शहाणपणाची गोष्ट अशी की, ते रुग्णालयातच आहे. बाई केसपेपर काढून आली तर सासरच्यांना संशय येत नाही. तसेच टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईत पोलीस यंत्रणेतच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला होता आणि आता तो राज्यभर आहे. १८१ हा महिलांसाठीचा क्रमांक आहे.

पण क्रमांक देताना एक विचार करावा. घरात एकच फोन असेल, तो नवऱ्याच्या हाती जात असेल, तर त्यावरून केलेल्या कॉलची नोंद बाईला महागात पडते. अशा बाईला क्रमांकापेक्षा 'कोणत्या वारी, कोणत्या खोलीत, कोणत्या ताईला भेट' हे तोंडी सांगणे अधिक सुरक्षित असते.

घरचा_माणूस

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. आजारी माणसाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी सांभाळणाऱ्यांबद्दल लिहितो.

आम्हाला पहिला आधार औषधांनी नव्हे, तर अशाच दुसऱ्या कुटुंबांनी दिला. पुण्यातील 'सा' म्हणजे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था कॅनडात स्थायिक झालेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने उभी राहिली. त्यांच्या पत्नींना हा आजार होता. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली 'आयपीएच' (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था आहे. स्वमदत गटात बसल्यावर कळते की, आंघोळीला नकार देणे, रात्रभर फेऱ्या मारणे, आईच्याच हातच्या जेवणावर संशय घेणे हे आपल्याच घरात चाललेले नाही. त्या खोलीत कोणी "जरा कामाला लावा म्हणजे बरा होईल" असे म्हणत नाही, आणि एवढ्यासाठीसुद्धा तिथे जाणे सार्थकी लागते.

आता कागदपत्रे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत मानसिक आजार आहे. सरकारी रुग्णालयात तपासणी होऊन चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व ठरले, तर प्रमाणपत्र आणि त्यावरील सवलती मिळतात. विम्याबाबत, शारीरिक आजारांना ज्या आधारावर संरक्षण मिळते त्याच आधारावर मानसिक आजारांनाही ते द्यावे, असे २०१७ च्या कायद्याचे कलम २१ सांगते, आणि विमा नियामकाने ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तसे कळवले आहे. दावा नाकारला गेल्यास याच कलमाचा उल्लेख करून तक्रार करावी. याच कायद्याने रुग्णाला, तो बरा असताना, आपले 'नामनिर्देशित प्रतिनिधी' (आजारपणात उपचारांच्या निर्णयांत आपल्या वतीने साथ देणारी व्यक्ती) कोण आणि आपल्यावर कोणते उपचार व्हावेत किंवा होऊ नयेत हे लिहून ठेवता येते. माझ्या भावाने प्रतिनिधी म्हणून माझ्याऐवजी आमच्या आत्याचे नाव लिहिले. मला वाईट वाटले हे खरे, पण तो त्याचा अधिकार आहे.

एक इशाराही देतो. भाऊ फार चिडलेला असताना आम्ही एका खासगी 'पुनर्वसन केंद्रा'ला फोन केला. रात्री गाडी आली, चौघांनी त्याला उचलून नेले, आणि पुढे कितीतरी दिवस आम्हाला भेटू दिले नाही. "भेटलात तर उपचार बिघडतील" असे सांगत होते. कायदा याच्या अगदी उलट आहे. संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या व्यक्तीला दाखल करायचे असेल, तर प्रतिनिधीचा अर्ज लागतो, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते, त्यांपैकी एक मानसोपचारतज्ज्ञ असावाच लागतो, मुदत तीस दिवसांची असते, आणि सात दिवसांत, स्त्री किंवा अल्पवयीन असल्यास तीन दिवसांत, मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावे लागते. साखळीने बांधणे कोणत्याही स्थितीत निषिद्ध आहे. २००१ मध्ये तमिळनाडूतील एरवाडीच्या आगीत साखळ्यांनी बांधलेले रुग्ण जळून मेले, तेव्हापासून हा प्रश्न देशापुढे आहे आणि तरीही त्या गाड्या रात्री फिरत असतात. केंद्राची मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, हे विचारल्याशिवाय कोणालाही पाठवू नये.

पारिजातक

घरचा_माणूस, आपण हे सविस्तर लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. व्यसनमुक्तीच्या केंद्रांबाबत तर असे प्रकार आणखी सर्रास घडतात. पुण्याचे 'मुक्तांगण' १९८६ पासून आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते सुरू केले. तिथे स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग आणि व्यसनी व्यक्तींच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट आहे. पती दाखल व्हायला नकार देत असला तरी पत्नीने एकटीने गटात जायला हरकत नाही, किंबहुना तिने तसेच करावे.

रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांविषयीही थोडक्यात लिहिते. अशी व्यक्ती दिसल्यास तिला सरकारी रुग्णालयात पोहोचवणे ही कायद्याने पोलिसांची जबाबदारी आहे, म्हणून ११२ वर कळवावे आणि नोंद क्रमांक मागावा. डॉ. भरत वाटवानी यांची 'श्रद्धा' संस्था कर्जतला अशा रुग्णांवर उपचार करून त्यांना देशभरातील त्यांच्या घरी परत पोहोचवते.

अभ्यासिका

मी पुण्याच्या पेठांत राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर पुष्कळ लिहिले जाते, पण आमचा गट त्यात कुठेच बसत नाही. आमची पदवी झालेली असते, म्हणून महाविद्यालयाचा समुपदेशक आमचा नसतो. नोकरी नसते, म्हणून कंपनीची सेवा नसते. वय अठ्ठावीस-तीस, घरी जमीन तुटपुंजी, लहान भावाचे लग्न आमच्यामुळे अडलेले. पूर्व परीक्षा पास, मुख्य परीक्षेत काही गुणांनी हुकले, मग जाहिरात लांबली, मग निकाल न्यायालयात अडकला. खोलीत चौघे, मेसचा डबा, आणि सकाळी सातपासून अभ्यासिकेतल्या त्याच खुर्चीवर. शेजारचा मुलगा दिवसभर एकाच पानावर आहे हे सगळ्यांना दिसते, पण त्याच्याशी बोलायचे तर बाहेर चहाच्या टपरीवर जावे लागते आणि तो वेळ दोघांचाही 'वाया' जातो.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शिक्षणसंस्थांबरोबर खासगी शिकवणी वर्गांनाही लागू होणारी मार्गदर्शक तत्त्वे दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असल्यास किमान एक पात्र समुपदेशक नेमणे त्यात आहे. आमच्या वर्गात विचारले तेव्हा "सरांशी बोला, सर प्रेरणादायी बोलतात" असे उत्तर मिळाले. ज्याला सकाळी अंथरुणातून उठवत नाही त्याला आणखी प्रेरणा कशाला हवी?

आम्हाला जमले ते लिहितो. पुण्यातील 'कनेक्टिंग' ही संस्था न उपदेश करता ऐकून घेते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'आयकॉल' या मदतसेवेत फोन आणि ईमेल दोन्हींवर समुपदेशन मिळते. खोलीत चार जण असताना ईमेल फार उपयोगी पडतो. ससून रुग्णालयात मनोविकार विभाग आहे आणि तिथला खर्च आमच्यासारख्यांना परवडतो. पुण्यात असूनही हे आमच्यातल्या अनेकांना माहीत नसते.

निळाई

मी समलिंगी पुरुष आहे आणि नाशिकला राहतो. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा धाक गेला, पण समुपदेशकाच्या खोलीत काय ऐकावे लागेल याचा धाक तसाच आहे. मला एका समुपदेशकाने "लग्न करा, सवय होईल" असा सल्ला दिला होता. अशा सल्ल्याने दोन आयुष्ये बिघडतात.

आता मी ओळखीच्या मुलांना सांगतो की, भेटीची वेळ घेण्याआधी फोनवरच सरळ विचारा: "समलिंगी असणे हा आजार आहे असे आपण मानता का?" उत्तरात क्षणभर जरी चाचपणे जाणवले तरी दुसरीकडे जा. लैंगिकता 'बदलून देण्याचे' उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जाहीर केले आहे. त्यामुळे कोणी नोंदणीकृत डॉक्टर तसे उपचार देऊ करत असेल, तर त्याच्याविरुद्ध वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते. मुंबईत १९९४ पासून 'हमसफर ट्रस्ट' आहे, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये स्थापन केलेला 'समपथिक ट्रस्ट' मराठीतून काम करत आला आहे. ज्यांच्या आईवडिलांना इंग्रजी पुस्तिका देऊन उपयोग नाही, त्यांच्यासाठी हे महत्त्वाचे आहे. माझ्या आईशी मराठीत, तिच्या वयाच्या दुसऱ्या आईने बोलल्यावर जे झाले, ते माझ्या कितीतरी वर्षांच्या समजावण्याने झाले नव्हते.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहिते. आमच्याकडे बांबोळीला मनोरुग्णालय आहे, तिथे बाह्यरुग्ण विभागात जाणे मुंबई-पुण्याच्या तुलनेत सोपे आहे. पण लहान राज्याची अडचण अशी की, रांगेत हटकून कोणीतरी ओळखीचे भेटते. १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'संगाथ'ने प्राथमिक आरोग्य केंद्रांतच प्रशिक्षित सामान्य व्यक्तींकडून समुपदेशन देऊन पाहिले. नैराश्यासाठी आणि पुरुषांच्या दारूसाठी आखलेल्या त्या थोडक्या बैठकांचा उपयोग होतो, हे २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांतून दिसले. मला त्यातले सर्वांत मोलाचे हे वाटते की, रक्तदाब तपासायला आलेल्या माणसाला त्याच इमारतीत, त्याच्या भाषेत बोलणारे कोणी मिळाले. तारवटींच्या, म्हणजे बोटीवर नोकरीला गेलेल्यांच्या, बायकांसाठी मात्र असे कोणी काही केलेले माझ्या पाहण्यात नाही.

हडसनपलीकडे

मी न्यू जर्सीत राहतो. इथल्या मराठी मंडळींसाठी दोन गोष्टी: तातडीच्या वेळी ९८८ हा क्रमांक जुलै २०२२ पासून आहे, आणि इथे थेरपिस्टचा परवाना राज्यानुसार असतो, त्यामुळे दुसऱ्या राज्यातील मराठी थेरपिस्ट आवडली तरी तिच्याकडे आपल्या राज्याचा परवाना आहे का ते आधी पाहावे लागते. नोकरदारांना कंपनीमार्फत काही बैठका विनामूल्य मिळतात, त्या घेण्यास आपली माणसे उगाच बिचकतात.

माझा प्रश्न मात्र सांगलीतल्या वडिलांबद्दल आहे. आई गेल्यापासून ते बाहेर पडत नाहीत, वर्तमानपत्र उघडत नाहीत, आणि अलीकडे गॅस बंद करायला विसरतात. "मला काय झालंय?" म्हणून डॉक्टरकडे यायला तयार नाहीत. व्हिडिओ कॉलवर ते नीटनेटके दिसतात. त्यांच्यासाठी कुठून सुरुवात करावी?

मनवैद्य

या वयात नैराश्य आणि स्मृतिभ्रंश एकमेकांसारखे दिसू शकतात आणि कधी दोन्ही एकत्रही असतात. म्हणून "वय झाले" किंवा "दुःख आहे, ओसरेल" असे परस्पर ठरवू नये. थायरॉइड, बी-१२ आणि साखर यांच्या तपासण्या कराव्यात, ऐकू येणे तपासावे, आणि सध्या चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी करावी, कारण काही औषधांनीही विस्मरण वाढते. नैराश्य निघाले तर ते या वयातही बरे होते.

पारिजातक

वडिलांना मनोविकारतज्ज्ञांकडे नेण्याचा आग्रह पहिल्या दिवशी धरू नका. त्यांचे नेहमीचे डॉक्टर कोण आहेत ते शोधा आणि त्यांना तुम्ही स्वतः फोन करून हे सर्व सांगा. रक्तदाबाच्या तपासणीसाठी बोलावले तर ते जातील. पुढे गरज लागल्यास मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेले सांगलीचे सरकारी रुग्णालय जवळच आहे. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय क्रमांक आहे, तिथे स्थानिक मदतीची चौकशी करता येते. व्हिडिओ कॉलवर दिसणाऱ्या नीटनेटकेपणावर विसंबू नका. शेजाऱ्यांना विचारा की दूधवाल्याचे पैसे वेळेवर जातात का, एकच भाजी पुन्हा पुन्हा आणली जाते का, रात्री दिवा किती वाजेपर्यंत चालू असतो.

हडसनपलीकडे

आभारी आहे. त्यांचे डॉक्टर आमच्या आईवरही उपचार करत होते, त्यामुळे वडील त्यांचे ऐकतील असे वाटते. शेजारच्या काकूंना आत्ताच फोन केला. दूधवाल्याचे दोन महिन्यांचे पैसे राहिले आहेत, आणि काकूंनी ते न बोलता भरून टाकले होते. चुलतभाऊ शनिवारी कोल्हापूरहून येतो आहे, तो त्यांना घेऊन जाईल. गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून सोबत न्यायला त्याला सांगितले आहे. डॉक्टरांना आणखी काय आधी कळवून ठेवावे?

मनवैद्य

विस्मरण केव्हापासून आहे, आईंच्या जाण्याआधी की नंतर, हे आठवून लिहा. गॅसव्यतिरिक्त पैशांचे व्यवहार आणि रस्ता चुकणे असे काही घडले आहे का, तेही लिहा. गॅसच्या बाबतीत तोवर काकूंना रात्री एकदा डोकावायला सांगा, किंवा सिलिंडरचा रेग्युलेटर दिवसातून ठरलेल्या वेळीच चालू राहील अशी व्यवस्था करा. चुलतभावाने डॉक्टरांशी वडिलांच्या समोर न बोलता दोन मिनिटे आधी एकट्याने बोलावे.